औषधाचं पाकीट: मिलानपासून नरडाण्यापर्यंत



आज आम्ही रिकाम्या हातांनी आलेलो नाही. या टेबलावर चार वस्तू मांडून ठेवल्या आहेत, मागच्या रांगेतल्यांना दिसत नसतील तर सांगतो. पहिली, गोळ्यांची कापलेली पट्टी. ही आत्ताच, नरडाण्याच्या स्टँडसमोरच्या दुकानातून घेतली. दुकानदारानं दहातल्या चार गोळ्या कात्रीनं कापून दिल्या. दुसरी, खोकल्याच्या औषधाची प्लॅस्टिकची बाटली. तिसरी, घरातली क्रीमची ट्यूब, जिचं झाकण अंगठ्यानं टक् करून उघडतं. आणि चौथी ही काचेची बाटली. ही आमच्या आईची. तिच्यावर कागदाची एक पट्टी चिकटवलेली दिसते का? दोन्ही कडांना कातरलेली?

वडीलधारी मंडळी हसताहेत म्हणजे त्यांना आठवलं. तरुणांसाठी सांगतो. पूर्वी दवाखान्यात औषध आयतं बाटलीत मिळत नसे. डॉक्टर तपासायचे, कागदावर चार अक्षरं लिहायचे आणि कंपाउंडर खिडकीतून विचारायचा, "बाटली आणली का?" बाटली आपण घरून न्यायची. तो मोठ्या बरणीतलं लाल किंवा पांढरं मिक्स्चर तिच्यात भरायचा, आणि वर कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं अशी कातरून चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. आईला वाचता येत नव्हतं, खाचा मात्र मोजता यायच्या. औषध संपलं की बाटली राखेनं धुऊन फळीवर. आम्ही ती टाकायला निघालो की आई म्हणायची, "फेकू नको रे, कामले येई."

संयोजकांनी फोनवर विचारलं होतं, "सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान. औषधाच्या प्लॅस्टिकवर आणि तेही इटलीच्या, तुम्ही काय बोलणार?" रास्त प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर घरगुती आहे, ते थोड्या वेळानं सांगतो. दुसरं उत्तर असं की, या चार वस्तूंमध्ये आमच्या विषयातला एक जुना प्रश्न लपलेला आहे: जे आपल्याला स्वतः तपासून पाहता येत नाही, त्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर?

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हं. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती खरी सांगतो, तो आप्त. गोळी हातात घेऊन तिच्यात औषध आहे की नुसता खडू, हे प्रत्यक्षानं कळत नाही. आईचा आप्त होता तो कंपाउंडर. तो गावातला, त्याची बायको आईच्या बरोबर विहिरीवर. आज कंपाउंडर गेला. त्याच्या जागी कोण आलं? हे पाकीट. आता हेच सांगतं की आत काय आहे, किती आहे, कधीपर्यंत चालेल आणि वाटेत कुणी हात लावलेला नाही. म्हणून पाकिटाला आम्ही नुसतं वेष्टन मानत नाही, ते एक विधान आहे. आणि विधान म्हटलं की ते खरं असतं किंवा खोटं असतं.

आता इटलीकडे जाऊ.

मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये जूलियो नत्ता नावाचे प्राध्यापक होते. जन्म १९०३ चा. जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी १९५३ मध्ये एक उत्प्रेरक शोधला होता, त्यानं एथिलीन वायूपासून कमी दाबाखाली प्लॅस्टिक बनत होतं. नत्तांनी तोच धागा पकडला, पण एथिलीनऐवजी प्रॉपिलीन घेतला. प्रॉपिलीन हा तेलशुद्धीकरणात भरपूर निघणारा वायू, त्या काळी त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. ११ मार्च १९५४ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत त्याचं घट्ट, पांढरं प्लॅस्टिक तयार झालं. पॉलिप्रॉपिलीन.

यात विशेष काय, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रॉपिलीनच्या प्रत्येक रेणूला बाजूला एक छोटी शेपटी असते. असे हजारो रेणू साखळीत जोडले की त्या शेपट्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे, वाटेल तशा येतात. अशी साखळी दुसऱ्या साखळीला चिकटून बसत नाही, पदार्थ चिकट आणि लिबलिबीत होतो. नत्तांच्या साखळीत मात्र सगळ्या शेपट्या एकाच बाजूला आल्या. घरातल्या तोरणाचं उदाहरण घ्या. सगळी पानं एकाच बाजूला लोंबत असतील तर दहा तोरणं एकावर एक छान रचता येतात. पानं चहूकडे फाकलेली असतील तर नुसता गुंता. रचना जमली म्हणून पदार्थ घट्ट झाला, आणि घट्ट झाला म्हणून उष्णता सोसू लागला. साधं पातळ पॉलिथीन ११० अंशांच्या आसपास वितळतं. पॉलिप्रॉपिलीन १६० च्या पुढे. आता दवाखान्यात निर्जंतुक करण्याची वाफ असते १२१ अंशांची. म्हणजे एक त्या वाफेत बसतं, दुसरं तिच्यात टिकतं. इंजेक्शनच्या सिरिंजची नळी, सलाइनच्या कित्येक बाटल्या, औषधांची झाकणं पॉलिप्रॉपिलीनची का, तर यामुळे.

एकाच बाजूला शेपट्या असलेल्या या रचनेला शास्त्रज्ञ 'आयसोटॅक्टिक' म्हणतात, आणि असं सांगतात की हा ग्रीक मुळांवरून बनवलेला शब्द नत्तांच्या पत्नी रोझिता यांनी सुचवला. त्या साहित्याच्या अभ्यासक होत्या. आमच्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं, म्हणून सांगितलं.

माँतेकातीनी नावाच्या कंपनीनं १९५७ मध्ये फेरारा इथं कारखाना काढला आणि 'मोप्लेन' या नावानं हे प्लॅस्टिक बाजारात आणलं. बादल्या, टोपल्या, चाळण्या. इटलीच्या टीव्हीवर जीनो ब्रामिएरी नावाचा विनोदी नट मोप्लेनच्या जाहिराती करायचा आणि घराघरांत तो शब्द पोचला, आपल्याकडे डालडा पोचला तसा. १९६३ मध्ये नत्ता आणि त्सीग्लर यांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तोवर नत्तांना कंपवातानं गाठलं होतं. समारंभात मुलानं त्यांना आधार दिला. पेटंटचं भांडण तिकडे अमेरिकेत चालूच राहिलं, आणि १९८३ मध्ये तिथलं पेटंट एका अमेरिकन कंपनीच्या पदरात पडलं. असो.

आता ही क्रीमची ट्यूब घ्या. झाकण आणि बूच यांना जोडणारी ही बारीकशी पट्टी पाहा. बिजागरी नाही, खिळा नाही, एकाच साच्यातून निघालेलं प्लॅस्टिक. दिवसातून चार वेळा उघडा, वर्षानुवर्षं उघडा, तुटत नाही. दुसऱ्या प्लॅस्टिकचं असतं तर आठवड्यात हातात आलं असतं. पॉलिप्रॉपिलीन वाकलं की त्या जागच्या साखळ्या एका दिशेला ओढल्या जातात आणि उलट मजबूत होतात. घरी गेल्यावर झाकण उलटं करून बघा, आत त्रिकोणात ५ आकडा असेल. बाटलीच्या बुडाशी बहुधा १ किंवा २. झाकण पाण्यात टाकलंत तर तरंगेल.

रसायन मिलानचं, पण यंत्रं बोलोन्याची. तिथल्या पट्ट्याला लोक 'पॅकेजिंग व्हॅली'च म्हणतात. १९२४ मध्ये ॲक्मा, १९६१ मध्ये इमा, १९७४ मध्ये मार्केझीनी, अशा एकेक कंपन्या निघाल्या. एकीत शिकलेले कामगार बाहेर पडून दुसरी काढायचे. इचलकरंजीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात जसं झालं, तसंच. यांची यंत्रं जगभरच्या औषध कारखान्यांत आहेत. यंत्र करतं काय? पाव मिलिमीटर जाडीचा पीव्हीसीचा पारदर्शक पट्टा येतो, तो तापवून त्यात खळगे पाडतात, प्रत्येक खळग्यात एक गोळी पडते, वरून केसाहून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा उष्णतेनं चिकटतो, आणि पट्ट्या कापल्या जातात. यालाच 'ब्लिस्टर' म्हणतात, म्हणजे फोड. पायाला बुटानं येतो तो फोड. नाव मोठं बरोबर आहे.

सौंदर्यप्रसाधनांचं गाव वेगळं. मिलानच्या आग्नेयेला क्रेमा आहे, तिथं आणि आजूबाजूला लिपस्टिक-क्रीम बनवणारे आणि त्यांच्या बाटल्या बनवणारे शेकडो लहानमोठे उद्योग आहेत. तिथून निघालेल्या बाटल्यांचा एक प्रकार समजून घेण्यासारखा आहे. पंप दाबला की क्रीम बाहेर येतं, पण त्याच्या जागी हवा आत जात नाही; आतली पिशवी आक्रसत जाते. ना हवा लागत, ना बोट लागत. आपल्याकडे घरातली सगळी माणसं एकाच डबीत बोट घालतात, मग सहा महिन्यांनी क्रीमला वास का येतो, असं विचारतात. आणखी एक खूण पाहत जा. उघड्या डबीचं लहानसं चित्र आणि त्यात ६ किंवा १२ आकडा आणि एम अक्षर. म्हणजे उघडल्यापासून इतके महिने. ही युरोपची पद्धत, आता आपल्याकडच्याही पुष्कळ मालावर दिसते. झाकणांच्या बाबतीत तर इटली गोव्यापर्यंत आलेली आहे: आलेस्सांद्रियाच्या गुआला कंपनीचा कारखाना तिथं आहे. मुख्यत्वे दारूच्या बाटल्यांना पुन्हा भरता येणार नाहीत अशी झाकणं. पाहा, दारूतली भेसळ रोखायला केवढी ही योजना!

इथवर आम्ही कौतुक केलं. आता अडचणीचं बोलू.

तुम्हाला तो नैयायिक पंडित माहीत असेल. तूप घेऊन घरी चालला होता. वाटेत विचार आला, पात्र तुपाला आधार देतं की तूप पात्राला? अनुमानानं सुटेना, म्हणून प्रत्यक्ष प्रमाण घ्यायला पात्र उलटं केलं. आम्ही चाळीस वर्षं वर्गात ही गोष्ट हसत हसत सांगितली. मग एका रात्री हसू गेलं.

आमच्या थोरल्या भावाला छातीत दुखायचं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या दिल्या होत्या. काचेच्या छोट्या बाटलीत, घट्ट झाकणाच्या. पुतण्या जहाजावर नोकरीला. त्यानं जिनोव्हाच्या बंदरातून एक सुंदर प्लॅस्टिकची डबी आणली, सात खणांची. प्रत्येक खणावर एक अक्षर: एल, एम, एम, जी, व्ही, एस, डी. लुनेदी, मार्तेदी, असे इटालियन वार. भावाला त्याचं फार कौतुक. सगळ्यांना वार म्हणून दाखवायचा. रोजच्या गोळ्या त्यात भरायचं काम आमच्याकडे होतं. आणि सगळं एका ठिकाणी असावं म्हणून आम्ही त्या छातीच्या गोळ्याही काचेच्या बाटलीतून काढून रविवारच्या खणात टाकल्या. आम्हीच.

दोनअडीच महिन्यांनी रात्री भावाच्या छातीत कळ आली. एक गोळी जिभेखाली ठेवली. काही नाही. दुसरी. काही नाही. एरवी जिभेला चरचरायचं, डोकं ठणकायचं, तेही नाही. जीपमधून धुळ्याला नेलं. तो वाचला, नंतर नऊ वर्षं जगला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कशात ठेवता?"

नायट्रोग्लिसरीन उडून जाणारं द्रव्य आहे. आणि प्लॅस्टिक ते शोषून घेतं. गोळी दिसायला तशीच, पांढरी, गोल. औषध मात्र भिंतीत गेलेलं. म्हणून ती मूळच्या काचेच्या बाटलीतच ठेवायची असते. पात्र तुपाला आधार देतं का? देतं, पण कधी कधी पात्रच तूप पितं. डबीत खोट नव्हती, ती रोजच्या साध्या गोळ्यांसाठी होती. चूक भरणाऱ्याची.

याची दुसरी बाजूही असते. पात्रातलं काही औषधात उतरतं. यावरून आपल्या देशात दहा वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. २९ सप्टेंबर २०१४ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं मसुदा काढला: लहान मुलं, वृद्ध आणि गर्भवती यांच्या पातळ औषधांसाठी प्लॅस्टिकच्या, म्हणजे पेटच्या, बाटल्या बंद. भीती अशी की त्यांतून अँटिमनी आणि थॅलेट नावाची द्रव्यं औषधात झिरपतात. पुढे डॉ. महाराज किशन भान यांच्या समितीनं हा प्रश्न तपासला, बंदी घालण्याजोगा ठोस पुरावा तिला मिळाला नाही, आणि बंदी काही आली नाही. यात एक गंमत आहे. पेटच्या लांबलचक नावात 'टेरेथॅलेट' हा शब्द येतो. घातक म्हणून चर्चेत असतात ती थॅलेट वेगळी, प्लॅस्टिक मऊ करायला घालतात ती, आणि पेटला मऊ करावं लागत नाही. नावाच्या साम्यावर निम्मी भीती उभी होती. अँटिमनीचा प्रश्न मात्र खरा आहे: तो पेट बनवताना वापरतात, अंश उरतो, आणि उष्णता वाढली की झिरपण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून बाटली गाडीच्या काचेमागे ठेवू नका, एवढं आम्ही म्हणू.

आणि भीती कुठे ठेवायची हेही एकदा पाहू. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं, १४ रुग्ण दगावले; न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, १९८८ मध्ये अहवाल आला. २०२२ मध्ये आफ्रिकेत गाम्बियात भारतात बनलेल्या सिरपशी सुमारे ७० मुलांचे मृत्यू जोडले गेले. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं; त्यांतल्या कित्येकांवर शेजारी नागपुरात उपचार चालले होते. तेच विष. बाटली चांगली, झाकण घट्ट, सील शाबूत. सील एवढंच सांगतं की कारखान्यातून निघाल्यावर कुणी हात लावला नाही. कारखान्यात काय घातलं हे सील सांगत नाही. १९८२ मध्ये शिकागोत कुणी तरी दुकानातल्या वेदनाशामक कॅप्सुलांत सायनाइड भरलं, सात माणसं गेली, आणि त्यानंतर सील सक्तीचं झालं. ते त्या प्रश्नाचं उत्तर होतं. आपण त्याला दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर समजून बसतो.

आता नरडाण्याचा उन्हाळा. हा आजचा खरा मुद्दा.

औषध किती दिवस टिकतं हे ठरवायला जगाचे हवामानाचे पट्टे पाडलेले आहेत. इटलीसकट युरोपसाठी चाचणी होते २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेला. भारतासाठी ३० अंश आणि ७० टक्के. पाकिटावर म्हणूनच लिहिलेलं असतं, ३० अंशांखाली ठेवा. आणि आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर. पत्र्याच्या छपराखाली त्याहून जास्त. त्यात हायवेवर ट्रक उभा. आता ४० अंशांवर सहा महिने ठेवूनही चाचणी घेतात, त्यामुळे चार दिवस ऊन लागलं म्हणून गोळी लगेच विष होत नाही, घाबरू नका. पण महिनोन् महिने तापलेली गोळी आणि छापलेली तारीख यांचा संबंध सैल होत जातो. तारीख हे सशर्त विधान आहे. 'असं ठेवलंत तर, तोपर्यंत.' आपण 'तोपर्यंत' वाचतो, 'ठेवलंत तर' सोडून देतो.

पाकिटाची जातही बघावी लागते. साध्या पीव्हीसीच्या ब्लिस्टरमधून बाष्प हळूहळू आत जातं. पावसाळ्यात ज्या गोळ्यांना ओल सोसत नाही, त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेलं पाकीट येतं, 'ॲलु-ॲलु' म्हणतात ते. महाग पडतं, पण काही औषधांना तेच लागतं. ॲस्पिरिनची उघडी बाटली हुंगून बघा कधी. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ओलीनं गोळी फुटायला लागली आहे. या एका ठिकाणी प्रत्यक्ष प्रमाण चालतं.

विधान म्हटलं की भाषा आली. इटलीत औषधाच्या खोक्यावर इटालियन असते, आत इटालियन पत्रक असतं. उत्तरेकडच्या बोल्झानो प्रांतात जर्मन बोलणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी कायद्यानं जर्मन मजकुराचीही सोय आहे. शिवाय युरोपच्या २००४ च्या नियमानं औषधाचं नाव ब्रेलमध्ये उठवलेलं असतं, अंधाला बोटानं वाचता येतं. खोक्यावर क्रमांकाची एक चिकटपट्टी असायची, 'बोल्लीनो' म्हणतात, ती सरकारी टांकसाळीच्या छापखान्यातून यायची, नोटा-मुद्रांकांच्या तोडीची. २०२५ पासून तिची जागा युरोपभर चालणारा चौकोनी कोड घेतो आहे. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड आला, तो मोबाइलनं जरूर वाचा. पण आमच्या आईनं हे पाकीट हातात घेतलं असतं तर? इंग्रजी. तेही मुंगीच्या पावलांएवढं. कातरलेल्या कागदाच्या खाचा तिला कळत होत्या. त्या जागी आपण जे आणलं ते अधिक अचूक आहे, अधिक स्वच्छ आहे, आणि तिच्याशी बोलत नाही. २०१६ पासून सरकारनं अँटिबायोटिकच्या पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेचा प्रचार केला: लाल रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. ही खाचेच्या जातीची खूण आहे. अशा आणखी हव्यात.

औषध संपल्यावरचं थोडक्यात. जळगावची चटई सगळ्यांना माहीत आहे. ती या पॉलिप्रॉपिलीनचीच, आणि तिच्यात भंगारातलं प्लॅस्टिक वितळवून मोठ्या प्रमाणावर वापरतात. म्हणजे मिलानच्या प्रयोगशाळेतली ती तोरणाची साखळी आपल्या ओट्यावर अंथरलेली असते. जळगावचंच आणखी एक: भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढलं, जे औषधांत जातं, आणि १९८० मध्ये पीव्हीसी पाइपकडे वळले. औषध आणि प्लॅस्टिक एकाच अंगणात. झाकणं, बाटल्या भंगारवाला घेतो. गोळ्यांची पट्टी घेत नाही. पीव्हीसी आणि ॲल्युमिनियम एकमेकांना असे चिकटवलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही. २३ मार्च २०१८ च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीतून औषधांचं वेष्टन वगळलं गेलं, ते योग्यच झालं, पण म्हणून ती पट्टी चुलीत घालू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. बंबात तर मुळीच नको.

वेळ झाली आहे, दोन प्रश्न घेऊ.

ताई विचारतात, दुकानदार चारच गोळ्या कापून देतो, मग तारीख कशी कळणार? ही बघा आमची आजची पट्टी, हिच्यावर तारीख नाहीच, ती दुकानात राहिली. पूर्ण पट्टी परवडत नसेल तर चार घ्या, त्यात लाज नाही. पण दुकानदाराला सांगा, छापलेलं टोक शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत राहू दे, आणि कापण्याआधी मोबाइलवर पूर्ण पट्टीचा फोटो काढून घ्या. मोबाइल नसेल तर पाकिटावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि तारीख लिहून मागा. आणि कापताना खळग्याला कात्री लागली असेल तर ती गोळी परत करा. फोड फुटला की तिचं संरक्षण गेलं.

मागून एक काका विचारताहेत, शेतावर फ्रिज नाही, इन्सुलिन कुठं ठेवायचं? सध्या वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालते, पण उन्हाळ्यात आपली खोली तेवढी थंड नसते. मातीचा माठ घ्या. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती डबी माठात ठेवा, माठ बाहेरून ओला राहील असं पाहा आणि सावलीत, वाऱ्याच्या बाजूला ठेवा. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बऱ्याच अंशांनी खाली राहतं. पावसाळ्यात हा उपाय तितका चालत नाही. बर्फाला चिकटवून मात्र कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी टाकून द्यायचं. आणि डबीच्या झाकणाखाली बघा काका, बहुतेक ५ आकडाच असेल.